पाठ : तरणतलावाचे पाणी (इयत्ता ४ थी व ५ वी)

दाभोळच्या मुलांना पाण्याविषयी पाठ द्यावा, ही सूचना काही शिक्षकबंधूंना अनाठायी वाटेल. वाशिष्ठी येथेच समुद्रास मिळते. घड्याळ वाचता येण्यापूर्वीच येथील मुलांना भरती-ओहोटी कळू लागते. परंतु सहल मुरूड, कर्दे, लाडघर या बाजूच्या एखाद्या रिसॉर्टवर उतरली, की तेथील निळाशार, निश्चल तलाव पाहून हीच मुले सर्वांत आधी उडी घेतात. खाडीचे भय त्यांना ठाऊक असते, तलावाचे नसते.

विषयप्रवेश दोन प्रयोगांनी करावा. पातेल्याच्या तळाशी नाणे ठेवून, ते काठाआड जाऊन दिसेनासे होईपर्यंत मुलांना मागे सरावयास सांगावे. आता हळूहळू पाणी ओतावे. नाणे जागचे न हलताही पुन्हा दिसू लागते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तळ वर आल्यासारखा भासतो. सरळ वरून पाहिले तरी ४ फूट पाणी ३ फुटांचे वाटते. वर्गातील ४ फूट उंचीच्या मुलास भिंतीशी उभे करून हा एक फूट खडूने दाखवावा. अधिक बोलावे लागत नाही.

दुसरा प्रयोग अंड्याचा. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते, भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात तरंगते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून खाऱ्या पाण्यात तरंगण्यास सरावलेले मूल तलावात किंचित खोल जाते, आणि दमल्यावर तेवढाच फरक त्यास पुरे होतो.

यापुढील भाग मुलांइतकाच शिक्षकांसाठी आहे. मी शिक्षक असताना एका सहलीत तलावाच्या काठी आम्ही तिघे मोठे होतो. मी जेवणाच्या पानांची संख्या वहीत मांडत होतो. इतक्यात एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, तो काही बोलत नाही." दहा हातांवर एक मुलगा पाण्यात उभा होता, डोके मागे कललेले, तोंड पाण्याशी समपातळीत. ना हाक, ना पाणी उडवणे. बोलणाऱ्या मुलानेच पाने काढण्याची लांब दांड्याची जाळी पुढे केली आणि आम्ही त्यास काठाशी ओढले. मुलगा वाचला. माझ्या वहीतील बेरीज मात्र बरोबर होती.

बुडणारा ओरडतो, हात हलवतो, ही आपली समजूत चुकीची आहे. श्वास घेण्यासच अवधी मिळत नाही, तेथे हाक कोठून येणार? हात आपोआप बाजूंना पसरून पाणी दाबत राहतात. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी अशा प्रसंगांच्या चित्रफितींचा अभ्यास करून दाखवून दिले, की ही धडपड २० ते ६० सेकंदच टिकते. जीवरक्षकांच्या शिक्षणातील एक दंडक यासाठीच आहे : आपल्या वाट्याचे पाणी १० सेकंदांत नजरेखालून घालावे व पुढील २० सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचावे. जीवरक्षक नसेल तेथे मुलांना पाण्यात उतरवू नये. तो असला तरी एका शिक्षकाने केवळ पाण्याकडे पाहावे; त्याच्या हाती वही नको, भ्रमणध्वनी तर नकोच.

'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण येथे शब्दशः शिकवावी. काडीच द्यावी, आपला हात देऊ नये. घाबरलेला मनुष्य वाचवणाऱ्यासही खाली ओढतो. मैदानावर चुन्याने तलाव आखून मुलांकडून बांबू पुढे करणे, दोरी फेकणे, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा टाकणे यांचा सराव घ्यावा. पूर्वी आपल्याकडे पोहणे शिकताना कमरेस सुके नारळ बांधत; तोही तरंगता आधारच. प्रत्येक मुलास एक जोडीदार द्यावा व शिट्टी होताच जोडीदाराचा हात धरून उभे राहण्याची सवय लावावी.

बाहेर काढलेल्या मुलास उलटे धरणे, पोट दाबणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने मुलास पाठीवर निजवून प्रथम तोंडाने पाच श्वास द्यावेत, आणि लगेच छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम चालू ठेवावा. मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसांतील त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

हा पाठ सहलीच्या आदल्या दिवशी न घेता आठ दिवस आधी घ्यावा. आदल्या दिवशी मुलांचे लक्ष डब्यातल्या खाऊकडे असते.