‘केस करायची तर इथे येऊन करा’

आमची फाउंड्री शिरोली एमआयडीसीत. अहमदाबादच्या एका कंपनीला पंपाच्या बॉडीची कास्टिंग पाठवली. माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनं आहेत. जीएसटी आम्ही भरला, त्याचं क्रेडिट त्यांनी घेतलं. पैसे तेवढे दिले नाहीत. खरेदी अधिकारी आधी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचा, मग ‘साहेब बाहेरगावी’, आणि एकदा सरळच म्हणाला, “केस करायची तर करा, पण इथे येऊन करा.”

या वाक्याचा अर्थ कोल्हापूरच्या कोर्टात कळला. त्यांच्या वकिलांनी मालाच्या दर्जाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पैसे देणं लागत नाही, असंही म्हटलं नाही. पर्चेस ऑर्डर उलटी करून मागची बारीक अक्षरातली शेवटची ओळ न्यायाधीशांपुढे ठेवली : वाद फक्त अहमदाबादच्या न्यायालयात. आमच्या कोटेशनवर कोल्हापूर ठळक छापलेलं होतं. ते ऑर्डरच्या आधीचं म्हणून बाजूला पडलं. योग्य कोर्टात दाखल करा, असं म्हणून दावा परत मिळाला. माझा राग कोर्टावर नाही. छोटा कारखानदार भट्टी सोडून तारखांना गुजरातेत येणार नाही, हे पक्कं ठाऊक असलेल्या लोकांवर आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो. म्हणजे एरवी कोल्हापूर चाललं असतं. पण कायद्याने दोन ठिकाणं चालत असतील, तर पक्षकार त्यातलं एक करारानं ठरवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा एबीसी लॅमिनार्टचा निकाल हेच सांगतो. ‘फक्त’ हा शब्द नसला तरी अट लागू होऊ शकते, हे 2013 च्या स्वस्तिक गॅसेसच्या निकालात आलं. मात्र व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेलं गाव नुसतं लिहून चालत नाही. तसंच कंपनीची शाखा तुमच्या गावात असेल आणि व्यवहार तिथेच झाला असेल, तर पटेल रोडवेजचा 1991 चा निकाल वकिलांना दाखवा. तिथे ‘फक्त मुंबई’ ही अट टिकली नाही.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, तर माल पाठवण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम 18 खाली पुरवठादार जिथला, तिथल्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे थकलेल्या पैशांसाठी अर्ज करता येतो. खरेदीदार भारतात कुठेही असो. पैसे 45 दिवसांहून जास्त थकवता येत नाहीत; पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. आमचं प्रकरण आता या परिषदेकडे आहे.

शक्य तिथे चेक घ्या. 2015 च्या दुरुस्तीनंतर, आपल्या खात्यात भरलेला चेक वटला नाही तर तक्रार आपल्या बँक शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात होते. अहमदाबादचे लोक कायम ‘आरटीजीएस करतो’ म्हणायचे. चेक का टाळत होते ते आता कळतं.

बाकी, कागद जपून ठेवा, वकील चांगला बघा. आणि ऑर्डर आली की त्याच दिवशी ईमेल करा : न्यायक्षेत्राची अट मान्य नाही, वाद कोल्हापुरात चालेल. लेखी होकार आल्याशिवाय माल गाडीत चढवू नका. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने असा होकार द्यायला नकार दिला. कास्टिंगसाठी आलेलं त्याचं पॅटर्न मी त्याच दिवशी परत पाठवलं.