हवेत ठोसे, कोपरात कळा

गेल्या उन्हाळ्यात 44 वर्षांचे एक गृहस्थ, शाळेत कारकून, उजवे कोपर धरून दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टर, पडलो नाही, ओझे उचलले नाही, तरी हात सरळ केला की मागून कळ येते.’’ मी वेदनाशामक गोळ्या दिल्या व आठ दिवस विश्रांती सांगितली. पंधरा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला कोपराच्या जोडीला खांदाही दुखत होता आणि ताब्यात असलेला रक्तदाब 160 च्या वर गेला होता. तेव्हा कुठे मी विचारले, ‘‘सकाळी उठल्यापासून काय काय करता?’’

गृहस्थ रोज पहाटे गच्चीवर अर्धा तास शॅडो बॉक्सिंग करीत होते. तेही आदल्या रात्री माझीच गोळी घेऊन, म्हणजे सकाळी दुखू नये! व्यायामाची चौकशी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. या गोळ्या रोज घेतल्या तर जठराला व्रण होतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाबही वाढतो.

समोर कोणी आहे असे समजून हवेत ठोसे मारायचे, पुढे-मागे सरकायचे, हुलकावण्या द्यायच्या, याला शॅडो बॉक्सिंग म्हणतात. मुष्टियोद्धे अंग गरम करण्यासाठी आणि हात बसण्यासाठी ते नेमाने करतात. पैसा लागत नाही, जागा थोडी पुरते, समोरून मारही बसत नाही. व्यायाम उत्तम आहे. मग सांधे का दुखावे?

मी त्यांना तिथेच ठोसे मारून दाखवायला सांगितले. (कंपाउंडर दारातून डोकावून गेला.) प्रत्येक ठोशाला कोपर खाडकन सरळ होत होते. गोम इथेच आहे. वाळूच्या पिशवीवर ठोसा मारला की पिशवी हाताला थांबवते. हवेत थांबवणारे कोणी नाही. वेगाने निघालेला हात आपल्याच स्नायूंनी आवरावा लागतो. तो आवरला नाही, तर कोपराच्या मागचे हाड दंडाच्या हाडाच्या खोबणीत आपटते. शंभर ठोसे म्हणजे शंभर आपटण्या. खांद्याची तऱ्हा आणखी नाजूक. त्याची खोबण उथळ, जणू बशीत ठेवलेले लिंबू. त्याला जागेवर धरणारे लहान स्नायू दर ठोशाला ताणले जातात. वर आमच्या गृहस्थांच्या हातांत दोन-दोन किलोचे डंबेल असत! मोबाईलवर कोणीतरी तसे करताना पाहिले म्हणे. डंबेलचे वजन हाताला खाली ओढते आणि ठोसा संपताना पुढे ओढते. नवख्याने ते हातात घेऊच नये.

तेव्हा पहिला नियम असा, की हात पूर्ण सरळ होण्याआधी थांबवा. कोपरात किंचित बाक राहू द्या आणि हात गेला त्याच वाटेने हनुवटीपाशी परत आणा. मूठ सारा वेळ आवळून धरू नका, हात पोचताना आवळा; नाहीतर मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात. अंगठा बोटांच्या बाहेर, मनगट हाताच्या सरळ रेषेत. खांदे कानांकडे चढवले की मान धरते.

गुडघ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ठोसा मारताना कंबर वळते. पाऊल मात्र खरखरीत गच्चीला चिकटून राहिले तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मागची टाच उचलून पाऊल चवड्यावर फिरवा. ओल्या फरशीवर हा व्यायाम नको.

सुरुवातीला पाच मिनिटे जागेवर चाला, खांदे व मनगटे गोल फिरवा. पहिली फेरी अगदी सावकाश, पाण्यात हात चालवावा तशी. दोन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या एक दिवसाआड पुरेत. दोन-तीन आठवड्यांनी एखादी फेरी वाढवा, वेग नंतर. आमच्या गृहस्थांनी तीन आठवडे ठोसे बंद ठेवून, मग असेच सुरू केले. कोपर थांबले, खांद्याला दोन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी दंड-पाठ सगळीच जडावली, तर ते स्नायूंचे दुखणे. दोन-चार दिवसांत आपोआप जाते. व्यायाम चालू असताना एकाच जागी टोचून कळ आली, सांधा सुजला, तर ते सांध्याचे. तिथेच थांबा. रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटे शेका. ताज्या सुजेवर तेल लावून खसाखसा चोळण्याची आपल्याकडे फार हौस. पहिले दोन दिवस ती आवरा. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडू लागला, केस विंचरायला हात वर जाईना, तर जोर करून ठोसे मारू नका, आधी दाखवून घ्या.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ठोसे मारताना डावा खांदा किंवा हात भरून आला, सोबत छातीत दाब, दरदरून घाम किंवा धाप असेल, तर तो सांधा समजून बाम शोधत बसू नका. आहे त्या कपड्यांवर, कोणाला तरी सोबत घेऊन, ईसीजी निघेल तो दवाखाना गाठा.