काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं नाही

एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढायचा, हे डिझेल पिकअपच्या इंजिनासाठी वर्षातलं सगळ्यात कठीण काम. रत्नागिरीची हवा दमट आणि तापलेली, मागे पूर्ण लोड, साखरपा सोडला की पुढे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची सलग चढण. त्यात समोर एखादा ट्रक असला की चाल आणखी मंदावते. चाल मंद, तर रेडिएटरला वारा कमी. इंजिन मात्र पूर्ण ताकद लावत असतं. अशा वेळी डॅशबोर्डवरचा काटा खरं बोलतो की नाही, यावर गाडीचं आणि मालाचं भवितव्य ठरतं.

कंपनीचा काटा फार उशिरा बोलतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अनेक नव्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो वा १०० अंशांवर, काटा जागचा हलत नाही. चढावर थोडा वर आणि उतारावर थोडा खाली असा काटा हलताना दिसला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजला येतं, म्हणून ही सोय. ती शहरात चालून जाते. घाटात लोड ओढणाऱ्याला मात्र ८८ अंश आणि १०४ अंश यांतला फरक वेळेवर कळायला हवा. म्हणून आम्ही बाहेरून मीटर बसवून घेतला. निर्णय योग्यच होता. घोळ झाला तो सेन्सर बसवला त्या जागेत.

दुकानदाराने रेडिएटरचा वरचा पाइप कापला, मध्ये ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर घातला आणि त्यात सेन्सर बसवला. बहुतेक दुकानांत असंच करतात. सोपं पडतं, इंजिनाला हात लावावा लागत नाही. मीटर आकडे दाखवत होता, आम्ही समाधानी होतो.

त्या दिवशी घाटात पुतण्या गाडी चालवत होता, मी शेजारी. अर्ध्याहून वर आलो असू. काटा ९६ वर होता, तो हळूहळू ९०, मग ८० कडे उतरला. पुतण्या म्हणाला, "काका, गाडी थंड पडतेय बघा." पुढच्या वळणाला ओढ कमी झाली, इंजिनाचा आवाज कोरडा आणि खडखडीत झाला, वास आला. गाडी कडेला घेतली तेव्हा काटा ७० च्याही खाली होता आणि बॉनेटखाली पाण्याचा थेंब शिल्लक नव्हता. हीटरकडे जाणारा एक जुना पाइप फाटला होता. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून कोल्हापूरला पाठवल्या. तोवर दुपारच्या उन्हात ताडपत्रीखाली राहिलेला माल नरम पडला होता आणि भाव पडला तो पडलाच.

मेस्त्रींनी हेड उघडून फेसिंगला पाठवलं आणि मग कारण समजावलं. पाण्यात बुडणारा सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच गेलं की तो हवेत किंवा वाफेत लटकतो. धातूची उष्णता त्याच्यापर्यंत पाण्यासारखी पोहोचत नाही, म्हणून काटा खाली येतो. रेडिएटरचा वरचा पाइप तर सगळ्यात उंचावर. गळती सुरू झाली की आधी तोच रिकामा होतो. म्हणजे ज्या क्षणी इशारा सगळ्यात गरजेचा, नेमक्या त्याच क्षणी तिथला सेन्सर सगळं ठीक असल्याचं सांगतो.

त्या जागेचे आणखी दोन तोटे आहेत. वरचा पाइप बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या पलीकडे असतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो. तो बंद अवस्थेत अडकला तर आत इंजिन उकळत असतं आणि वरच्या पाइपात गरम पाणी येतच नाही. दुसरं म्हणजे, एका वायरचा सेन्सर आपला अर्थ स्वतःच्या धातूच्या अंगातून घेतो. पाइपातला ॲडॅप्टर दोन्हीकडून रबरात अडकलेला असतो, म्हणून त्याला इंजिनापर्यंत वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. ती नसेल किंवा सैल असेल तर मीटर मनाला येईल ते दाखवतो.

म्हणून मीटर घ्यायला गेलात की डायलची चकाकी, कडेची निळी रिंग हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा विचारा: सेन्सर कुठे बसणार? पाण्याचा सेन्सर हेडजवळ, थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला बसला पाहिजे. तिथे बऱ्याचदा एखादा रिकामा प्लग असतो, किंवा मेस्त्री योग्य आटे पाडून जागा करून देतात. याच्या जोडीला, आणि घाटातल्या गाडीसाठी मी तर म्हणेन याच्याही आधी, धातूचं तापमान मोजणारा सेन्सर घ्या. तो वॉशरसारखा असतो आणि हेडवरच्या एखाद्या बोल्टाखाली बसतो. पाणी असो वा नसो, तो हेडच्या धातूला चिकटलेला असतो, त्यामुळे पाणी गेल्यावर त्याचा आकडा वर चढतो. मात्र हेड ज्या मुख्य बोल्टांनी ब्लॉकला आवळलेलं असतं त्यांच्याखाली तो कधीही घालू नये, त्यांचा ताण बिघडतो. हेडवरच एखादा ब्रॅकेट किंवा थर्मोस्टॅटचं झाकण धरणारा छोटा बोल्ट पाहावा. पूर्ण लोडने एकदा घाट चढून नेहमीचा आकडा किती येतो ते पाहा आणि त्याच्या वर दहा-बारा अंशांवर बझर लावा. हा बझर अत्यावश्यक आहे. घाटात डोळे रस्त्यावर असतात आणि असायलाच हवेत. इंजिनाच्या आवाजावर मात करेल इतका मोठा बझर घ्या.

सेन्सर आणि मीटर नेहमी एकाच जोडीचे घ्या. हे दोघं रोधाच्या भाषेत बोलतात आणि प्रत्येक पद्धतीचं प्रमाण वेगळं असतं. ऑइल प्रेशरच्या युरोपीय पद्धतीच्या बऱ्याच सेन्सरांचा रोध प्रेशर वाढेल तसा १० पासून १८० ओहमपर्यंत वाढतो, तर अमेरिकी पद्धतीत तो २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर कधी कधी आकडा साफ चुकीचा येतो, ते बरं, कारण लगेच लक्षात येतं. पण कधी तो पटण्यासारखा चुकीचा येतो, आणि तेच घातक. तापमानाचा सेन्सर बसवण्यापूर्वी मेस्त्रींसमोर वायरी जोडून त्याचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. रत्नागिरीत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्याच्या उंचीवर साधारण ९८ ला, महाबळेश्वरी ९५-९६ ला. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. दहाचा असेल तर वस्तू परत करा.

ऑइल प्रेशरच्या बाबतीत कंपनीचा लाल दिवा हा इशारा नसून निकाल असतो. प्रेशर जवळजवळ संपल्यावर, साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, तो पेटतो. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय, म्हणजे पाऊण बारच्या आसपास, प्रेशर असावं असा जुना ठोकताळा आहे. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. इथे घात करतात ते आटे. पाव इंचाच्या निम्म्या मापात अमेरिकी आणि ब्रिटिश असे दोन टेपर आटे येतात. पहिल्याला इंचाला २७ आटे, दुसऱ्याला २८. हातात घेतले तर सारखेच वाटतात, एकात दुसरा थोडासा फिरतोही. जोर लावून आवळला की ब्लॉकमधले आटे जातात किंवा लोड आल्यावर तेल झिरपू लागतं. काही गाड्यांना १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात. मूळ स्विच काढून दुकानात सोबत न्यावा, अंदाजाने ॲडॅप्टर आणू नये. टेफलॉनची टेप भरमसाट गुंडाळू नये, कारण तुकडा सुटून तेलाच्या मार्गात जातो आणि सेन्सरचा अर्थही तुटू शकतो. कंपनीचा लाल दिवा टी-जोड लावून चालूच ठेवावा. प्रेशरचा सेन्सर जड डबीसारखा असतो. तो पितळी टी-जोडावर थेट लटकत ठेवला तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने जोडाला भेग जाते आणि सगळं तेल रस्त्यावर. छोट्या जाळीदार होजने तो बाजूला घेऊन बॉडीला क्लॅम्प करावा, अर्थ वायर वेगळी द्यावी. ज्या मीटरसाठी तेलाची किंवा डिझेलची बारीक नळी थेट केबिनमध्ये आणावी लागते, तो मीटर स्वस्त असला तरी घेऊ नका. नळी फुटली तर उकळतं तेल चालकाच्या पायांवर येतं.

एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर सगळ्यांना लागत नाही. गाडी कंपनीच्या ट्यूनवर असेल आणि लोड कागदावर लिहिलेला तेवढाच असेल, तर त्यावाचून अडत नाही. पण कोणी ईसीयू रिमॅप केला असेल किंवा पंपाचं डिझेल वाढवलं असेल, तर तो लावल्याशिवाय घाट चढू नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला आत तेलाचा फवारा थंड ठेवतो आणि ज्वाळेचा स्पर्श क्षणभराचाच असतो, म्हणून तो टिकतो. तरी टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान ७०० अंशांच्या वर मिनिटामागून मिनिट राहिलं तर पिस्टनचा वरचा भाग आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात. काटा चढू लागला की एक गिअर खाली घ्यावा आणि पाय हलका करावा. आरपीएम वाढतात, हवा जास्त जाते, तेवढ्याच कामासाठी दर स्ट्रोकला डिझेल कमी पडतं आणि तापमान उतरतं. वरच्या गिअरमध्ये दाबून चढवण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. डिझेल वाचेल म्हणून ते तसं करतात. हा मीटर ती सवय मोडतो.

याचा सेन्सर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसतो. टर्बोनंतर मोजलं तर लोडखाली आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी येऊ शकतो. भोक पाडायला मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो. गाडीवरच भोक पाडून देतो, ग्रीस लावलं की कीस आत जात नाही, असं सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतं. त्यावर लोखंडाचा एक कण आदळला तरी पात्याचा तुकडा जातो. या सेन्सरची वायरही साधी नसते. ती दोन वेगळ्या मिश्रधातूंची असते, म्हणून कमी पडली तर तांब्याची वायर जोडू नये, आकडा चुकतो. त्याच प्रकारची केबल मागवावी.

बूस्टचा मीटर मी एवढ्याचसाठी सुचवतो की इंटरकूलरचा पाइप चिरला तर तो आधी सांगतो. नेहमीच्या चढावर नेहमीचा बूस्ट आला नाही आणि काळा धूर वाढला, तर पाइपाची क्लिप पाहा. व्होल्टमीटर स्वस्त आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहिला तर चार्जिंग ठीक.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कंपनीचे सेन्सर आणि फिल्टर असतात. तिथे भोक पाडू नये, वॉरंटीही जाते. या गाड्यांत ओबीडीच्या सॉकेटला डोंगल लावून बरेच आकडे वायर न कापता पाहता येतात. पण ओबीडी कंपनीच्याच सेन्सरचे आकडे दाखवतं. तो सेन्सरही पाण्यातच बुडणारा असतो, आणि पाणी गेलं की तोही फसतो. म्हणून डोंगल असलं तरी हेडच्या धातूचा सेन्सर वेगळा लावाच. रात्री गाडी उभी करताना डोंगल काढून ठेवा, बॅटरी ओढतं.

मीटर कुठे लावावा, यात शोभा पाहू नये. उजव्या खांबावर लावलेले गोल डायल छान दिसतात, पण वळणावर तेवढ्याच जागेत एक मोटरसायकल किंवा रस्ता ओलांडणारी बाई लपते. काही गाड्यांच्या त्या खांबात पडदा एअरबॅग असते, तिथे स्क्रू मारणं म्हणजे जिवाशी खेळ. डॅशबोर्डच्या वर लावला तर रात्री काचेत प्रतिबिंब पडतं, वर छोटा आडोसा लागतो. स्टीअरिंगच्या डावीकडे, डॅशबोर्डच्या मध्यभागी, डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली ही जागा मला सगळ्यात बरी वाटते. एक जुनी युक्ती सांगतो. डायल फिरवून असा बसवा की नेहमीच्या तापमानाला काटा सरळ वर, बाराच्या दिशेला राहील. सगळे मीटर असे लावले की आकडे वाचावे लागत नाहीत, एखादा काटा कलला की नजरेच्या कोपऱ्यातही दिसतो.

वायरी इग्निशननंतरच्या लाइनमधून, स्वतंत्र छोट्या फ्यूजमधून घ्या. फायरवॉलच्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घाला. नुसतं पिळून टेप लावलेला जोड घाटातल्या हादऱ्यांनी सुटतो, क्रिंप करून स्लीव्ह चढवा. केबिनमध्ये पेडलजवळ काही लोंबकळत ठेवू नका.

पैसे एकाच मीटरपुरते असतील तर हेडच्या धातूचा, बझर असलेला घ्या. दुसऱ्यांदा जमले की ऑइल प्रेशरचा. बाकीचे सगळे त्यानंतर. आणि बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी बॉनेट उघडून सेन्सर कुठे बसवलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.