क्षयरोगावर पुन्हा उपचार का करावे लागतात?



२४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. १८८२ साली याच दिवशी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जंतू सापडला, पण औषध मिळायला आणखी साठ वर्षे गेली. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने वारल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज औषधे आहेत, सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात आणि बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत बरे होतात. तरीही काहींना पुन्हा उपचार घ्यावे लागतात. असे का होते, ते समजून घेऊ.

एका औषधाचा धडा

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले प्रभावी औषध. १९४७ साली ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी सुरू झाली. सहा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते. केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. सर्वांना आनंद झाला. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ रुग्ण मरण पावले होते. फरक जवळजवळ पुसला गेला होता. औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या शरीरातील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते.

थोडे गणित

फुफ्फुसात क्षयाने पडलेल्या एका पोकळीत सुमारे १० कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण १० लाखांत एक असतो. म्हणजे त्या पोकळीत असे सुमारे १०० जंतू आधीपासूनच असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, हे १०० उरतात आणि त्यांचीच पिढी वाढते.

रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण १० कोटींत एक. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एखादाच. म्हणून क्षयावर एकदम अनेक औषधे देतात: पहिले दोन महिने चार, पुढचे चार महिने तीन.

सहा महिने कशाला? आतड्यातील काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला जवळजवळ वीस तास लागतात. त्यातले काही तर निपचित पडून राहतात. औषधाचा मारा मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर होतो. निपचित जंतू मरेपर्यंत औषध चालूच ठेवावे लागते.

पुन्हा उपचाराची चार कारणे

१. औषध मध्येच सुटणे. दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, वजन वाढते. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. कोणाला मळमळ सोसवत नाही, कोणाला कामासाठी गाव सोडावे लागते, तर कधी औषधच वेळेवर मिळत नाही.

२. रोग उलटणे. औषध पूर्ण घेऊनही थोडे जंतू उरतात आणि पुढे डोके वर काढतात. मधुमेह, कुपोषण, तंबाखू, दारू किंवा एचआयव्ही असल्यास हा धोका वाढतो.

३. नव्याने लागण. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. क्षयाचे तसे नाही. बरा झालेला माणूस दुसऱ्या रुग्णाकडून पुन्हा बाधित होऊ शकतो.

४. औषधाला दाद न देणारा क्षय. असे जंतू अपुऱ्या किंवा चुकीच्या उपचारांनी तयार होतात, तसेच ते दुसऱ्याकडून थेटही येऊ शकतात. अशा रुग्णाने एकही गोळी चुकवलेली नसते.

म्हणूनच, पुन्हा उपचार घेणारा प्रत्येक रुग्ण निष्काळजी होता असे समजणे अन्यायाचे आहे.

आधी तपासणी, मग औषध

पूर्वी अशा रुग्णांना ठरावीक आठ महिन्यांचे उपचार देत. त्यात जुन्याच औषधांना स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांची जोड असे. जुन्या औषधांना जंतू दाद देत नसतील, तर प्रत्यक्षात एकट्या नव्या औषधावरच भार पडे. म्हणजे १९४७ चीच गोष्ट! २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत थांबवण्यास सांगितले. आता बेडक्याची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर करून जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो का, ते आधी पाहतात. ट्रूनॅट हे गोव्यातील मोल्बायो कंपनीचे यंत्र आहे. तपासणीच्या निकालाप्रमाणे औषधे ठरतात.

घरी आणि शाळेत

पालकांनी दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला अंगावर काढू नये. पूर्वी क्षय झाला असल्यास डॉक्टरांपासून ते लपवू नये; योग्य औषध निवडण्यासाठी ती माहिती फार मोलाची असते. घरात रुग्ण असल्यास मुलांचीही तपासणी करून घ्यावी. सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १००० रुपये आहे.

आणि मुलांनो, क्षय भांड्यांतून किंवा कपड्यांतून पसरत नाही. तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो. योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासूनचा संसर्ग थांबतो. ज्या मित्राच्या घरी हे आजारपण आहे, त्याच्या शेजारचे बाक रिकामे ठेवू नका. लोक दूर करतील या भीतीने माणसे आजार लपवतात, आणि लपवलेल्या आजाराचे औषध अर्धवट राहते.

स्वाध्याय

१. १० कोटी जंतूंपैकी किती जंतू एकट्या रिफाम्पिसिनला दाद देणार नाहीत?
२. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांतील फरक क्षयाच्या उदाहरणाने चार ओळींत लिहा.
३. हा पाठ घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या शंका वर्गात विचारा.