मोटारीच्या दाराचें रबर

सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेल्या पद्मिनी मोटारी कित्येकांनीं अद्यापि जिव्हाळ्यानें जपल्या आहेत. परंतु यंत्र धड असूनही अशा मोटारीचा पत्रा गंजतो. याचें एक कारण दाराच्या चौकटीवरील रबरी पट्टी, म्हणजे कारागीर जिला बीडिंग म्हणतात ती होय.

गंधकासह तापविलेलें रबर चिवट होतें, हें चार्ल्स गुडइयर यांस १८३९ सालीं आढळलें. तरीही ऊन व हवेंतील ओझोन वायु यांमुळें तें कालांतरानें कडक होऊन भेगाळतें. मग पावसाचें पाणी आंत शिरून तळाचा पत्रा खातें.

जुनी पट्टी पुरती सोलावी. वाळलेलें सोल्युशन लांकडी चिपेनें खरवडावें. ती जागा विस्तवापासून दूर राहून प्रथम रॉकेलनें, नंतर साबणाच्या पाण्यानें पुसावी व कोरडी करावी. गंज दिसल्यास घासून रंग द्यावा. नवी पट्टी ताणूं नये. ताणलेलें रबर आखडतें व कोपऱ्यांत फट पडते. सांधा खालच्या बाजूस ठेवावा. शेवटीं कागदाची चिठी मध्यें धरून दार लावावें. ती सहज निघाल्यास तेथें फट आहे असें समजावें.

कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास टिकत नाहीं, हा प्रभूचा दृष्टान्त चादरी विणणाऱ्या आपल्या गांवीं सर्वांस कळेल. जुन्या सोल्युशनवर नवें रबरही टिकत नाहीं. वाईट संवय पुरती खरवडल्यावांचून चांगली संवय तरी कोठें धरते?