छपाई नाही, तरी कारकून हजर!

डिंभे धरणाच्या कालव्याचे दार आवर्तन नसताना कोणी उघडे ठेवते का? संगणकात मात्र असे घडते. यंत्राला प्रिंटर जोडलेला नसला, तरी विंडोज सुरू होताच 'प्रिंट स्पूलर' ही सेवा पडद्याआड जागी होते. छपाईची कामे रांगेत लावणारा हा कारकूनच म्हणा ना!

तो स्मृती थोडीच अडवतो. धोका निराळा आहे. जुलै २०२१ मध्ये त्यातील एका दोषामुळे परक्याला दुरूनही संगणकाचा ताबा घेता येतो, असे उघड झाले. दुरुस्ती येण्यापूर्वी 'स्पूलर बंद करा' हा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सुचविला.

शाळेत प्रिंटर नसेल, तर शिक्षकांना विचारून 'सर्व्हिसेस' उघडा, स्पूलर थांबवा आणि 'स्टार्टअप टाइप' पुढे 'डिसेबल्ड' निवडा. इतर अनोळखी नावांना हात लावू नका. अनेक सेवा एकमेकींवर विसंबून असतात. आणि हो, स्पूलर बंद असताना 'प्रिंट टू पीडीएफ'ही चालणार नाही.