घटक ४ : डिस्टोपियन कादंबरीतील प्रतीके आणि समाजदर्शन (जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या आधारे)

४.१ प्रास्ताविक

‘युटोपिया’ हा शब्द थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथासाठी ग्रीक घटकांपासून घडवला. त्याचा अर्थ ‘कोठेही नसलेले स्थळ’ असा आहे. इंग्रजी उच्चारात मात्र तो ‘चांगले स्थळ’ असाही ऐकू येतो आणि हा श्लेष मोर यांना अभिप्रेत होता. त्याच्या उलट अर्थाचा ‘डिस्टोपिया’ म्हणजे ‘वाईट स्थळ’. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना या शब्दाचे एक रूप योजले होते. कादंबरीचा प्रकार म्हणून डिस्टोपिया रुजला तो विसाव्या शतकात. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या ‘वुई’ (१९२०–२१) या कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरे काचेची आहेत. ही कादंबरी सोव्हिएत देशात १९८८ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकली नाही. ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये तिचे परीक्षण लिहिले आणि त्यांची स्वतःची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ८ जून १९४९ रोजी प्रकाशित झाली.

ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. त्यांचे वडील सरकारी अफू खात्यात नोकरीस होते. पुढे ऑर्वेल स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३, बीबीसीवरून हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी कार्यक्रम तयार करीत होते. सत्ता आतून कशी चालते आणि प्रचाराची भाषा कशी घडते, हे त्यांनी पगारी नोकर म्हणून पाहिले होते. ही बाब आपण पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

४.२ रूपककथा आणि प्रतीक

या दोन संज्ञांची गल्लत उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते, म्हणून येथे थोडे थांबू. ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) ही रूपककथा आहे. तिच्यातील नेपोलियन नावाच्या डुकराच्या जागी स्टालिन ठेवला की अर्थ लागतो. प्रत्येक पात्राला बाहेरच्या जगात नेमके स्थान आहे. प्रतीकाचे तसे नसते. प्रतीक ही आधी कथेतील खरीखुरी वस्तू असते, तिला वजन असते, किंमत असते, आणि कथानक पुढे जाईल तसा तिच्यावर अर्थ साचत जातो. ‘अमुक म्हणजे तमुक’ असे समीकरण मांडून प्रतीक संपवता येत नाही.

४.३ काचेचा पेपरवेट

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा ‘सत्य मंत्रालया’त जुनी वृत्तपत्रे बदलण्याचे काम करतो. चॅरिंग्टन नावाच्या वृद्ध दुकानदाराच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून तो एक काचेचा पेपरवेट चार डॉलरना विकत घेतो. काचेच्या आत पोवळ्याचा एक लहानसा तुकडा आहे. ही वस्तू काहीही उपयोगाची नाही, आणि तिचे आकर्षण त्यातच आहे. जेथे प्रत्येक वस्तू पक्षाच्या कामी यावी लागते, तेथे निरुपयोगी सुंदर वस्तू जवळ बाळगणे हे आधीच संशयास्पद कृत्य ठरते.

पुढे त्याच दुकानाच्या माडीवर विन्स्टन आणि ज्युलिया भेटू लागतात. ती खोली म्हणजे जणू काचेच्या आतली जागा आणि आपण दोघे आतले पोवळे, असे विन्स्टनला वाटू लागते. येथपर्यंत पेपरवेट भूतकाळाचे आणि खासगी आयुष्याचे प्रतीक आहे. त्यानंतर अटक होते. भिंतीवरील चित्रामागे टेलिस्क्रीन लपवलेला निघतो, दुकानदार विचार-पोलिसांपैकी असतो, आणि झटापटीत पेपरवेट फुटतो. जमिनीवर पडलेला पोवळ्याचा तुकडा अगदी क्षुल्लक दिसतो. काचेमुळेच तो मोठा दिसत होता.

आता मागे वळून पाहा. पेपरवेट विकणारा हात सत्तेचाच होता. म्हणजे भूतकाळाची ओढ हीदेखील सत्तेने पुरवलेले आमिष होती. तरीही ती ओढ खोटी ठरते काय? कादंबरी याचे उत्तर देत नाही, आणि माझ्या मते ते न देण्यातच या प्रतीकाचे बळ आहे.

टेलिस्क्रीनबद्दल एवढेच सांगतो की, ‘ऑर्वेल यांनी सीसीटीव्हीचे भाकीत केले’ हे विधान परीक्षेत टाळावे. कादंबरी हे पंचांग नव्हे. आपल्याकडे या क्षणी कोणी पाहत आहे की नाही हे कळत नाही, म्हणून माणूस स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतःच पहारा ठेवू लागतो, हा त्यातील मुद्दा आहे.

४.४ नवभाषा : शब्द नाहीसे करणे

या राजवटीची अधिकृत भाषा ‘न्यूस्पीक’, म्हणजे नवभाषा. तिचा शब्दकोश दर आवृत्तीगणिक लहान होत जातो. ‘वाईट’ हा शब्द काढून टाकायचा आणि ‘चांगला’ला नकारार्थी उपसर्ग लावून भागवायचे, ही तिची रीत. मराठीत याची कल्पना करून पाहा : ‘वाईट’, ‘नीच’, ‘ओंगळ’, ‘क्रूर’ हे सगळे शब्द जाऊन ‘अचांगला’ एवढा एकच उरला. आपल्या भाषेत नकाराचे उपसर्गही एक नाहीत. ‘अ’ आणि ‘दुर्’ संस्कृतातून आले. ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ फारसीकडून आले. ‘अयोग्य’, ‘नालायक’ आणि ‘गैरलागू’ यांत नकार सारखा असला तरी सूर वेगळा आहे. नवभाषेला खुपतो तो हा सूर.

नवभाषेत ‘मुक्त’ या अर्थाचा शब्द उरतो, पण अंगावरील किडीपासून किंवा शेतातील तणापासून सुटका, एवढ्याच अर्थाने. आपल्या मुक्त विद्यापीठाच्या नावातील ‘मुक्त’चा अर्थ तेथे सांगताच येणार नाही.

शब्द गेला की विचार जातो काय? भाषा विचाराला पूर्णतः बांधून ठेवते, हे मत आज भाषाविज्ञान मान्य करीत नाही. लहान मुले मिळेल त्या तुटपुंज्या भाषेचेही पूर्ण व्याकरण घडवतात आणि नवे शब्द रोज जन्मतात. त्यामुळे एक भाषिक योजना म्हणून नवभाषा यशस्वी होणे कठीण आहे. प्रतीक म्हणून मात्र ती अचूक आहे. शासकीय पत्रांतील ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य आपण अनेकदा वाचले असेल. त्यात क्रिया आहे, पण कर्ता नाही. कोण करणार आणि कोणाला जाब विचारायचा, हे व्याकरणच झाकून ठेवते. कादंबरीत माणसे ‘वाफ’ होतात. शब्दकोशाचे काम करणारा साईम एके दिवशी दिसेनासा होतो आणि बुद्धिबळ समितीच्या यादीतून त्याचे नाव तेवढे कमी झालेले असते. यादीत खाडाखोडही नसते.

नवभाषेवरील परिशिष्ट भूतकाळात लिहिले आहे, हे आवर्जून पाहा. ते लिहिणारा कोणी तरी नवभाषा संपल्यानंतर, जुन्या इंग्रजीत लिहीत आहे, असा अर्थ काही समीक्षक काढतात. अमेरिकेतील एका पुस्तक-मंडळाने हे परिशिष्ट गाळण्याची सूचना केली होती. ऑर्वेल यांनी ती नाकारली.

४.५ ‘बिग ब्रदर’, कुटुंब आणि रेशन

सर्वोच्च सत्ताधीशाला नात्याचे नाव दिले आहे. मराठीत त्यासाठी ‘दादा’ हा शब्द सुचतो आणि तो मुळाहून अधिक बोलका आहे. थोरल्या भावाबद्दलची माया आणि ‘दादागिरी’ यांचा उगम एकाच शब्दात आहे. सत्ता नात्याची भाषा उचलते तेव्हा खरी नाती पोकळ होतात. विन्स्टनचा शेजारी पार्सन्स याला त्याची लहान मुलगी पकडून देते. झोपेत तो पक्षाविरुद्ध बरळला, हा त्याचा गुन्हा. कोठडीत बसलेला हा बाप मुलीवर रागावत नाही; आपण तिला चांगले वळण लावले, याचा त्याला अभिमान वाटतो. संपूर्ण कादंबरीत छळाच्या प्रसंगांपेक्षाही मला हा प्रसंग अधिक भयानक वाटतो.

अभावाचे चित्रणही असेच साध्या वस्तूंतून येते. चॉकलेटचे रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणले जाते; दुसऱ्याच दिवशी ते २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते. युद्धकाळात आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये रेशनिंग होतेच. ऑर्वेल यांनी त्यात भर घातली ती विस्मरणाची.

लोकसंख्येत ८५ टक्के असलेले ‘प्रोल’, म्हणजे श्रमिक, यांच्याकडे विन्स्टन आशेने पाहतो. अंगणात कपडे वाळत घालणारी धिप्पाड बाई यंत्राने रचलेले टुकार गाणे गाते, आणि तिच्या गळ्यातून ते ऐकावेसे वाटते. पण हे दर्शन खिडकीतूनच घडते. त्या बाईला स्वतःचे म्हणणे कादंबरीत मिळत नाही. ज्युलियाचे व्यक्तिचित्रही विन्स्टनच्या तुलनेत पातळ आहे. कादंबरीच्या मर्यादा सांगताना या दोन्ही गोष्टींचा उल्लेख करावा.

४.६ स्वाध्याय

आपल्या घरी किंवा कार्यालयात आलेले एखादे परिपत्रक घ्या. त्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करून प्रत्येक वाक्यात कर्ता घालून ते पुन्हा लिहा. कोणत्या वाक्यात कर्ता घालताना आपणांस अडचण आली आणि का, हे दहा ओळींत नोंदवा. त्यानंतर पेपरवेटच्या तिन्ही प्रसंगांत (खरेदी, माडीवरील खोली, अटक) त्याचा अर्थ कसा बदलतो, यावर टीप लिहा. संपर्कसत्राला येताना दोन्ही लेखन सोबत आणावे.